सडा नावाचा ड्राइव्ह

१८ नोव्हेंबर २००१

गणपतीच्या आधीचं एक अर्धवट वाक्य, आणि नंतर एकदम आज. वही, चुकले. कारणं सांगायची तर सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, हंगाम, मग परीक्षा, मग दिवाळी. खरं कारण आळस. निदान इथे तरी खरं लिहावं.

या वर्षीच्या सगळ्या नोंदी कॉलेजच्या संगणकावर चढवून झाल्या. नऊ पावसाळे. सड्यावरच्या कोणत्या चौकोनात कोणतं फूल कधी आलं, किती आलं, कातळावर पाणी किती साचलं होतं. वसुधाने टेप धरायची, मी लिहायचं. ती गणिताची, मी वनस्पतिशास्त्राची. एकाच वर्षी कॉलेजात लागलो, तेव्हापासून बरोबर. स्टाफरूममध्ये तिला माझी सावली म्हणतात. ती म्हणते, "सावली नाही गो, छत्री. भिजत्ये मी, कोरडी राहते नीला."

सड्यावर लिहिलेल्या चिठ्ठ्या आज बंबात घातल्या. गेल्या वर्षीच्याही. नाहीतरी बुरशीने काळ्या पडल्या होत्या. इथल्या हवेत कागद टिकत नाही म्हणून तर संगणक.

२३ नोव्हें.

पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार. कॉलेजने स्वतंत्र संगणक विभाग मागितलाय. नव्या अभ्यासक्रमात विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे, तेव्हा लिनक्स चालताना दिसलं पाहिजे. आणि बरा म्हणावा असा संगणक एकच, ज्यावर सगळ्यांची कामं. त्यावरचं विंडोज जाऊन चालणार नाही.

वसुधाकडे संगणक खोलीचा कारभार आहे, म्हणून प्राचार्यांनी हे तिच्या गळ्यात घातलं. तिने मासिकाबरोबर आलेली सीडी माझ्यापुढे टाकली. "मला एवढं वाचवत नाही. तू वाच, तू लिही, मी करत्ये."

आमची नेहमीची पद्धत. मला आवडलंच. संगणकातलं मला फार कळत नाही, पण वाचून कागदावर मांडायचं म्हटलं की हात शिवशिवतात.

२५ नोव्हें., रविवार

दिवसभर तेच वाचलं. समजलं ते असं. डिस्क एकच असली तरी तिचे भाग पाडता येतात. आमच्या डिस्कचे तीन आधीच पाडलेले आहेत. सी : विंडोज. डी : माझ्या नोंदी आणि स्कॅन केलेली चित्रं. हा सगळ्यात मोकळाढाकळा, व.नेच मला करून दिला होता, लेबलही तिनेच दिलं, सडा. ई : मुलांचा सराव. त्यात ठेवण्यासारखं काही नाही.

लिनक्स विंडोजच्या भागात नांदत नाही, त्याला स्वतःचा भाग हवा. तेव्हा ई काढायचा आणि ती जागा त्याला द्यायची. त्यातला एक छोटा तुकडा स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायला, मेमरीच्या साधारण दुप्पट. संगणक चालू करताना विचारलं जाईल, विंडोज की लिनक्स.

शेजारी माझा नवरा, प्रकाश, बँकेतली कामं घेऊन बसला होता. माझ्या कागदात डोकावला. "कातळ मोजून संपला वाटतं?"

१ डिसेंबर

अडलं. ई लहान आहे. रंगीत पडदा, चित्रं, खिडक्या असं सगळं लिनक्स घ्यायचं तर मावत नाही. काळा पडदा आणि अक्षरं एवढंच घेतलं तर आरामात मावतं. अभ्यासक्रमाला तेवढंच लागतं.

व.ला सांगितलं. तिचं तोंड उतरलं. "काळा पडदा दाखवू साहेबांना? ते म्हणतील, बिघडलाय, दुरुस्तीवाल्या फरीदला बोलवा."

खूप हसलो. मग तिने विचारलं, "डीमधे किती गो मोकळं आहे?"

मी म्हटलं, मोकळं आहे, पण डीला हात लावायचा नाही. भरलेला भाग लहान करायची सोय आहे म्हणे, पण ती सगळीकडे चालत नाही आणि बिघडली तर सगळं जातं. ती म्हणाली, "बरं बाई. तुझा डी तुला लखलाभ."

५ डिसें.

आराखडा पूर्ण. सिलिंडरच्या, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळांच्या, भानगडीने डोकं उठवलं होतं, कारण लिनक्स डिस्कच्या फार शेवटी गेलं तर सुरूच होत नाही. आमचं कसंबसं हद्दीत बसतं. खबरदारी म्हणून सुरू करायची एक फ्लॉपी वेगळी.

कागदावर ‘डी, हात लावायचा नाही’ याखाली दोन रेघा.

व. स्वतःहून म्हणाली, काम सुरू करण्याआधी ऑफिसातली जुनी डिस्क जोडून डीची नक्कल काढून ठेवते. मला सुचायला हवं होतं ते तिला सुचलं. माझ्या फ्लॉप्या आहेत, पण त्यांत पहिली काही वर्षंच, तीही अर्धी. चित्रं तर फ्लॉपीत मावतच नाहीत.

१७ डिसें.

उद्या चिपळूणला परीक्षक म्हणून जायचंय. व.ला म्हटलं, मी आल्यावर करू. "तू येशील तेव्हा समिती दारात असेल. कागद आहे ना तुझा? मग? जा तू. परत येताना वाटेत सावर्ड्याला आमच्या आईकडे डोकाव, पोहे करून ठेवत्ये म्हणालीय."

१९ डिसें.

समिती आली, गेली. खूश होती. लिनक्स सुरू झालं तेव्हा मी मागे उभी होते. निळा रंगीत पडदा, चित्रं, खिडक्या. मला वाटलं, हिने कसं बसवलं? अभिमानही वाटला.

समिती जेवायला गेल्यावर विंडोज लावलं. डी उघडला. आत मुलांचा सराव. पुन्हा बंद करून उघडला. मुलांचाच सराव.

व. स्टाफरूमच्या कोपऱ्यात मला धरून रडली. म्हणाली, नक्कल काढायला दुसरी डिस्क जोडली होती. ती जुनी, खरखर करायला लागली, अर्ध्यावर थांबली. म्हटलं ई तर काढायचाय, डीला कुठे हात लावायचाय. पण दुसरी डिस्क जोडल्यामुळे अक्षरं एकेक घर पुढे सरकली. जोडलेली डिस्क झाली डी, तुझा डी झाला ई. "तुझ्या कागदावर ई काढ असं होतं. मी ई काढला."

पुढचं लिहवत नाही.

२० डिसें.

अक्षरं सरकतात हे मला माहीत होतं. मी वाचलेल्या पानांत होतं. दुसरी डिस्क जोडली की विंडोज नव्याने अक्षरं वाटतं. ती डिस्क जोडणार हेही माहीत होतं. कागदावर एक ओळ हवी होती : नक्कल झाली की डिस्क काढा, मगच पुढे. ती मी लिहिली नाही. दोन रेघा मारल्या आणि ही ओळ लिहिली नाही.

चूक तिची कुठे? ती कागदाप्रमाणे वागली.

प्रकाश म्हणाला, "नऊ वर्षांचं काम एका ठिकाणी ठेवतं का कुणी?" बरोबर आहे त्याचं. मग म्हणाला, "जेव." जेवले नाही.

२२ डिसें.

प्राचार्यांनी दोघींना बोलावलं.

"मॅडम, आराखडा तुमचा होता असं कळलं."

हो म्हटलं.

"वसुधाबाईंचं नशीब म्हणून मुलांचं काम वाचलं. ऑफिसचं काही गेलं असतं म्हणजे? वनस्पतिशास्त्राने यात पडायचं कारण काय? झाडांना कुठे लागतो संगणक?"

मी म्हटलं, चूक माझी, अक्षरांचा मुद्दा माझ्या कागदात राहून गेला. त्यांना कळलं नाही, पण बरं वाटलेलं दिसलं. संगणक खोलीची किल्ली ठेवून जा म्हणाले. ठेवली. व. तेवढा वेळ खिडकीतून मुलांचा कबड्डीचा खेळ बघत होती. तिला माझ्याकडे बघवत नसणार, असं वाटलं.

२८ डिसें.

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर फरीदचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे डिस्क नेली. व.नेच काढून दिली, रिक्षाने बरोबर आली. दुकानात खालच्या जेटीवरचा मासळीचा लिलाव ऐकू येत होता, त्यामुळे फरीद ओरडून बोलतो.

"मॅडम, नुसतं काढलं असतंत तर आणलं असतं मी. तुम्ही वर दुसरं बिऱ्हाड बसवलंत! जुन्याची भांडी आता कुठून देऊ?"

तरी दुपारपर्यंत खटपट केली. चार-दोन चित्रांचे तुकडे आले, वरची पट्टी, बाकी राखाडी. एकात तेरड्याचा रंग ओळखू येतो.

पैसे घेईना. व.ने जबरदस्तीने दिले.

६ जानेवारी २००२

लांबच्या सड्यावर गेले, एकटी. या दिवसांत काही नसतं, पिवळं गवत आणि काळा कातळ. बघायला गेले ते चौथ्या चौकोनाकडे. चौथा चौकोन नाही. गेल्या उन्हाळ्यात जांभ्या दगडाची चिरेखाण तिथपर्यंत आली होती, आता पुढे गेली. माणूस उभा बुडेल एवढा खड्डा. आजूबाजूचे गडगे, कुंपणाच्या भिंती, तेही चिऱ्यांचेच, त्याच खाणीतल्या चिऱ्यांचे.

बाकीच्या ठिकाणी पुन्हा नऊ वर्षं जाता येईल, मी टिकले तर. इथे नाही. इथे दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती यायची, लाल, चिकट, नखाएवढी. तीन पावसाळे आली, मग एक वर्ष नाही, मग पुन्हा. फ्लॉप्यांतही हा चौकोन नाही, या खड्ड्याच्या जागी काय होतं ते कुठेही लिहिलेलं नाही आता. माझ्या डोक्यात आहे, पण डोक्यातलं म्हणजे नोंद नव्हे.

१९ जाने.

व. दर आठवड्याला काहीतरी आणते. पोह्याचे पापड. तिच्या आईने केलेली आंब्याची साठं. काल माझ्यासाठी एक साडी. "सहज गो. रंग तुझा दिसला." तिला माझं दुःख मोठं वाटतं. मला लाज वाटते, की माझ्या हलगर्जीपणाचं ओझं ती वाहतेय. आज तिला म्हटलं, तू नको वाईट वाटून घेऊ, कागद माझा होता. तिने माझा हात दाबला, आणि एकदम तासाला उशीर होतोय म्हणून उठून गेली. तास नव्हता तिला.

असेल.

१० फेब्रुवारी, रविवार

डोंबिवलीच्या दिरांनी नवीन संगणक घेतला, जुना आमच्याकडे पाठवला. ठरवलं, यावर लिनक्स आपल्या हाताने बसवायचं. चूक कुठे झाली ते एकदा स्वतः करून बघायचं. दुसरी डिस्क फरीदकडून मागून आणली.

सकाळी प्र. बांगडे आणायला गेला, तेव्हा सुरुवात केली. डिस्क जोडली. अक्षरं सरकली, अगदी व. म्हणाली तशी. दिरांचा डी झाला ई. म्हणजे तिने सांगितलं ते खरं.

मग भाग काढायची आज्ञा घेतली. कोणती डिस्क, विचारलं. कोणता ड्राइव्ह, विचारलं. ई लिहिलं. पुढे, लेबल लिहा.

कसलं लेबल? काही न लिहिता पुढे गेले. लेबल जुळत नाही. पुढे जाऊ देईना. वर तक्त्यात बघितलं तर अक्षराशेजारीच त्या भागाचं नाव लिहिलेलं, गणेश, दिरांच्या मुलाचं. ते एकेक अक्षर टाइप केलं तेव्हा विचारलं, नक्की? मी हो म्हटलं, आणि भाग गेला.

प्र. आला, म्हणाला, "बांगडे ताजे आहेत, बघ तरी." 

भाग काढायचा तर त्याचं नाव लिहावं लागतं. नाव लिहिल्याशिवाय निघत नाही. तिला ‘सडा’ लिहावं लागलं असणार.

११ फेब्रु.

घाई करायची नाही. एखाद्या माणसाबद्दल असं ठरवण्याआधी सगळ्या वाटा बघायच्या.

डीला लेबल होतं? होतं. माय कॉम्प्युटर उघडला की अक्षराच्या आधी तेच दिसायचं. ईचं लेबल वेगळं होतं, मुलांचं.

तिने विंडोजच्या बाजूने भाग काढलाच नसेल तर? लिनक्स बसवताना त्याच्याच पडद्यावरूनही भाग काढता येतो. तिथे लेबल विचारत नाहीत. ही वाट खरी आहे. आज संध्याकाळभर तीच धरून होते, बुडताना फळी धरावी तशी.

१३ फेब्रु.

फळी सुटली. संध्याकाळी करून बघितलं. लिनक्सला अक्षरं माहीतच नाहीत, त्याच्याकडे आकडे असतात. दुसरी डिस्क जोडली तरी पहिलीचे आकडे जागचे हलत नाहीत. सरकायला तिथे काही नाहीच. शिवाय प्रत्येक भागाचा आकार समोर लिहिलेला. ई लहान, डी त्याच्या तिप्पट. आठवडाभर ‘ई लहान, मावत नाही’ याच्याशी भांडलो आम्ही. तिप्पट भाग समोर दिसल्यावर गणिताच्या बाईला ओळखू आला नाही?

एका वाटेने गेली असेल तर नाव लिहिलं. दुसऱ्या वाटेने गेली असेल तर आकार बघितला. अक्षरं चुकली ही गोष्ट दोन्हीकडे बसत नाही.

आणि रंगीत पडदा. तो ईमध्ये मावत नव्हताच.

१६ फेब्रु.

स्टाफरूममध्ये ती माझ्या डब्यातली भाजी घेते, नेहमीसारखी. मी डबा पुढे करते, नेहमीसारखा. हात माझा आहे असं वाटत नाही.

मला तिच्यापेक्षा माझा राग जास्त येतो का? दोन महिने मी तिचं सांत्वन केलं. प्राचार्यांपुढे माझ्या तोंडाने तिची गोष्ट खरी केली. ती खिडकीतून बघत होती ते लाजेने नव्हे. मी नीट बोलते की नाही ते ऐकत होती. की हेही मीच रचतेय? ठाऊक नाही. आता तिच्याबद्दलचं काहीच ठाऊक नाही म्हणायला हवं.

एक वाईट आठवतं. समिती जेवत असताना मी डी उघडायला गेले तेव्हा ती मागून म्हणाली होती, "आधी जेवून घे गो." मला तेव्हा ती माया वाटली.

२४ फेब्रु., रविवार

व. ओले काजूगर घेऊन आली. सोललेले, डब्यात भरून. हातांना अजून चीक लागलेला. प्र. बाहेर गेला होता. चहा टाकला. टाकता टाकता, पाठमोरी असतानाच विचारलं. समोरासमोर विचारवलं नसतं.

"ई काढताना लेबल काय लिहिलंस गो?"

चहा उकळून वर आला, मी गॅस बारीक केला.

मग, "केव्हा कळलं तुला?"

म्हटलं, पंधरा दिवस होतील.

"आणि रोज माझ्याबरोबर जेवत्येस?"

"तू दोन महिने जेवतेयस."

पुढचं जसं आठवतं तसं लिहिते, क्रम चुकेल. समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्य संगणक खोलीत येऊन काळा पडदा बघून गेले होते. माझ्या आराखड्याप्रमाणे तिने आधी ईमध्येच बसवून दाखवलं होतं. हे मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, हे दाखवून विभाग मिळणार नाही, आणि विभाग नाही तर प्रमुखही नाही. ते गेल्यावर तिने सगळं पुसलं, ई पुन्हा केला, बाजूला ठेवलेला मुलांचा सराव त्यात घातला आणि डी काढला. नक्कल काढायला बसली होती हे खरं. डिस्क खरखरली हेही खरं. अर्धी नक्कल कुठे आहे? "ती डिस्क मेली गो. फरीदला दाखवली मी चोरून. तुझ्याआधी."

"मला वाटलं तुझ्याकडे फ्लॉप्या असतील," ती म्हणाली.

"चिपळूणला फोन होता. कॉलेजात निरोप ठेवायचास. विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

इतकं सरळ म्हणाली.

"आणि कागद चुकला असं का सांगितलंस?"

"तुला सांगायच्या आधीच साहेब एकदम खोलीत आले, काय गेलं म्हणून विचारलं. तोंडातून निघालं. मग तूच सगळ्यांना सांगत सुटलीस, चूक माझी, चूक माझी. मी कुठे परत घेणार? तुझं काय जातंय गो यात? तू वनस्पतीची. तुझं खातं तुझंच राहणार. मला पहिल्यांदा काही मिळतंय."

"चौथा चौकोन खाणीत गेला, वसुधा."

तिला माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून खरंच नव्हतं. खुर्चीत बसली ती. टेप धरून त्या चौकोनाच्या कडेला ती पावसात उकिडवी बसायची, दवबिंदूवर चिकटलेली मुंगी सुटते का बघत. रडायला लागली. या वेळी मी उठले नाही.

जाताना म्हणाली, "जूनमध्ये जाऊ परत. पहिल्यापासून. मी सगळ्या रविवारी येईन." आणि दारातून, "साहेबांना सांगणार आहेस?"

काजूगरांचा डबा अजून ओट्यावर आहे.

२ मार्च

सभेत प्राचार्यांनी जाहीर केलं. विभाग मंजूर. जूनपासून प्रमुख वसुधाबाई. टाळ्या. मीही वाजवल्या. मग ते माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "नव्या विभागात एकच नियम. यंत्राला हात त्यांनीच लावायचा ज्यांना यंत्र कळतं. नाहीतर आमच्या शेट्ये मॅडम फुलं पेरायला जायच्या आणि रानच साफ करायच्या." सगळे हसले. वाईट हेतूने नाही हसले.

व. हसली नाही. पण बोललीही नाही.

३ मार्च

प्र.ला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "सांगितलंस तर फुलं परत येणार आहेत का?"

नाही.

"मग तुला काय हवंय? तिचं पद जायला हवं?"

नाही. आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं हो. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी हे नाकारीन.

"म्हणजे सूड."

त्याला वाटतं तसं सांगणं आणि सूड एकच नाही. मी गप्प राहिले तर दर वर्षी ती चूक माझी होत जाणार. पुढच्या पोरींना कुणी सांगेल, शेट्ये मॅडमनी नऊ वर्षांचं काम स्वतःच्या कागदाने घालवलं. आणि मी स्वतःच खोट्यावर सही केल्यासारखं होईल. नोंदी करणाऱ्या बाईने चुकीची नोंद तशीच ठेवायची? सड्यावर एखादं फूल चुकीचं ओळखलं तर मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन खोडत असे. व. वैतागायची. "कोण वाचणार आहे गो?" टेप धरायची मात्र.

प्र. शेवटी म्हणाला, "तू ठरव. पण सांगायचं तर सरळ सांग, रडत नको."

५ मार्च

दिवसभर वाक्य जुळवत होते. साहेब, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. साहेब, डिसेंबरात मी जे म्हटलं ते चूक होतं. तिथून पुढे प्रत्येक वेळी वाक्यात तिचं नाव येतं आणि गाडी थांबते. तिचं नाव न घेता सांगता येतं का, तेही करून बघितलं. नाही येत.

मधल्या सुट्टीत जिन्यावर भेटली. डबा आणला नव्हता तिने. मीही नव्हता. "बोल ना काहीतरी," म्हणाली. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली, "तुझं ठरलेलं असतं. फक्त तू लिहून बघत असतेस."

एवढं ओळखते मला, आणि तरी.

संध्याकाळी बागेला पाणी घालताना ठरलं. जायचं. सांगायचं, जेवढं स्वतः करून बघितलं तेवढंच. त्यांनी पुढे काय करायचं ते त्यांचं. भीती आहे, ऐनवेळी पाय मागे येईल. किंवा तिचं तोंड बघून मीच गप्प बसेन.

पण तिच्या पाठीमागे, तिला न सांगता, जायचं नाही. ती नाही म्हणणार हे माहीत असलं तरी.

उद्या : व.ला आधी सांगणे.